रॉड हुकातून काढतानाचा खांदा

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

तू पहाटे 5 ला गच्चीवरच्या खोलीत जातेस तेव्हा मी भोसरीत थर्ड शिफ्टला असतो, आणि मी घरी येऊन चपला काढेपर्यंत तुझी स्कूटी कॉलेजला गेलेली असते. महिनाभर हे असंच चालणार, म्हणून लिहून डब्याखाली ठेवतोय.

तू बेंचवर उताणी झोपून रॉड छातीवरून ढकलतेस, तो बेंच प्रेसचा परवा पाठवलेला व्हिडिओ मी कँटीनमध्ये रात्री 3 च्या चहाला पाहिला. आधी बाप म्हणून पाहिला, सुपरवायझरलाही दाखवला. मग फिटर म्हणून पाहिला. 40 किलो, 5 रेप, म्हणजे पाच वेळा खाली-वर, रॉड छातीला टेकून नीट वर. पण पहिल्या दोन सेकंदांवर बोट ठेवून मी मागेपुढे करत बसलो. रॉड खाली यायच्याही आधी, स्टँडच्या हुकातून काढताना, तुझा उजवा खांदा बेंच सोडतो. टी-शर्ट आणि रेक्झिनच्या मधून खिडकीतला उजेड दिसतो, बोटभर. पुढचे पाचही रेप त्या सुटलेल्या खांद्यावरच झालेत.

पकडून ठेवणाऱ्या व्हाइसमध्ये जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, सैल असेल तर टूल कितीही चांगलं असू दे, चॅटर, म्हणजे थरथर, येणारच. बेंचवर तुझी पाठ म्हणजे व्हाइस. दोन्ही फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, मागे आणि खाली घेऊन पाठीखाली पक्के बसले की दंडाच्या हाडाचा गोळा त्याच्या वाटीत नीट राहतो. खुब्याची वाटी खोल असते, खांद्याची बशीसारखी उथळ. गोळा तिच्यात धरून ठेवायला चार लहान स्नायू. खांदा पुढे निसटला की छातीचा भार त्या चौघांवर आणि खांद्याच्या पुढच्या बाजूवर येतो. एका दिवसात काही होत नाही. तेच वाईट.

तू म्हणशील, आजोबा तर चिंचेच्या तालमीत शेकड्यांनी दंड मारायचे, त्यांचे खांदे कुठे बिघडले? बरोबर. दंडात तळहात जमिनीला खिळलेले असतात आणि पाठ मोकळी असते. वर येताना फरे आपोआप फाकतात, खाली जाताना जवळ येतात. बेंचवर उलटं आहे, फरे अंगाखाली दाबलेले आणि हात मोकळे. म्हणून तिथे ते आधीच जागेवर बसवायचे आणि सेट संपेपर्यंत हलू द्यायचे नाहीत. दंड सोडू नकोस मात्र. आठवड्यातून दोनदा मार, फऱ्यांना फिरायची सवय राहू दे.

आता एकटीने करण्याचं. कुणी रॉड हातात दिला तर खांदा जागेवर राहणं सोपं असतं. स्पर्धेत उतरलीस तर तिथे सपोर्टवाले तो स्टँडवरून काढून सरळ हातांवर देतीलही. डोकं, खांदे आणि कंबरेखालचा भाग बेंचला टेकलेला हवा हा नियम आहेच, पण रॉड काढायची चिंता नाही. घरी तुला देणारं कोणी नाही. आईला 5 ला उठवायचा विचारही करू नकोस.

मी व्हिडिओतून मोजलं. तुझा हूक जरा उंच आहे. रॉड धरतानाच कोपर जवळजवळ सरळ होतात, मग सुटायला उरलेला इंचभर तू खांदा उचलून भरून काढतेस. एक भोक खाली घेतलंस तर फार खाली जातो, कारण स्टँडची भोकं 2 इंचांवर आहेत. म्हणून रविवारी ड्रिल मशीन आणून मधोमध एकेक भोक पाडलं आणि हूक त्यात लावला. आता रॉड धरलास की कोपरात थोडा वाक राहील. तो सरळ केला की रॉड हुकाच्या ओठावरून जेमतेम सुटेल. तेवढंच हवं.

झोपताना डोळे बरोबर रॉडखाली. पायांकडे जास्त सरकलीस तर रॉड लांबून ओढावा लागेल, फार वर सरकलीस तर दाबताना तो स्टँडला आपटेल. रॉड घट्ट धर, अंगठा त्याच्याभोवती, बोटांच्या बाजूला नुसता टेकवून नाही. मग पाय रोव, कंबर जरा उचल, भार पाठीच्या वरच्या भागावर घे आणि फरे मागे-खाली घे, मानेपासून लांब. अडकित्त्यात सुपारी धरतात तशी त्यांच्यामध्ये धर. फोडायची नाही. फार आवळलंस तर मान ताठते आणि कंबर सोडताना सगळं सुटतं. कंबर टेकव, फरे तसेच.

आणि आता मुख्य गोष्ट. रॉड वर ढकलून काढायचा नाही. कोपर सरळ करायचे आणि बगलेखालच्या स्नायूंनी तो पुढे ओढायचा, ड्रॉवर ओढावा तसा, खांद्यांच्या वर येईपर्यंत. तिथे एक श्वास थांब. वजन हाडांवर बसलं की तेच फरे बेंचमध्ये दाबतं, फुकटात. मग खाली आण, छातीच्या खालच्या भागावर, कोपर अंगापासून काटकोनात न फाकवता. वर आल्यावर कोपर सरळ झाले की थांब. तुला शेवटी अजून अर्धा इंच ढकलायची सवय आहे, तिथे खांदा दुसऱ्यांदा सुटतो. ठेवताना हूक चाचपडू नकोस. हात सरळच ठेवून रॉड स्टँडच्या उभ्या खांबांना टेकव, मग खाली सोड.

तो चकचकीत टी-शर्ट नको, रेक्झिनवर घसरतो. सुती घाल.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. ढोल-ताशा पथकात मी झांज का वाजवतो, ध्वज का घेत नाही, असं तू लहानपणी विचारायचीस आणि मी वयाचं कारण द्यायचो. 1997 साली मी 23 चा होतो. पेठेतल्या एका जिममध्ये जोडीदार आला नव्हता, हूक मला उंच होते, तरी 80 किलो लावले. पडलो-झडलो काही नाही. तिसऱ्या सेटला कॉलर बोन जिथे संपतं तिथे टोचल्यासारखं झालं, म्हणून आणखी दोन सेट मारले. पुढे दोन महिने तसंच रेटलं. अनंत चतुर्दशीला बेलबाग चौकापर्यंत ध्वज नाचवला, लक्ष्मी रोडला लागल्यावर हात वर जाईना. शेजारच्या पोराच्या हातात काठी दिली आणि ताशाच्या मागून चालत राहिलो. माळ्यावरचे डबे काढायला मी तुला का हाक मारतो, तेही त्यातच आलं.

दोन्ही बाजूंना ठेवायचे टेकू फॅब्रिकेटरकडे टाकलेत. छाती फुगवल्यावर रॉड त्यांच्या किंचित वर राहील आणि छाती सोडलीस तर टेकूंवर टेकेल, गळ्यापर्यंत येणार नाही, अशी उंची दिली आहे. शनिवारी मिळतील. तोवर 30 च्या वर जाऊ नकोस, शेवटचा रेप जाईल की नाही अशी शंका आली की मारू नकोस, आणि रॉडला क्लिपा लावू नकोस, अडकलीस तर एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतील. खालचे देशपांडे ओरडतील, ते मी बघतो. टेकू आले की क्लिपा लाव.

उद्या फोन बेंचच्या उंचीला, बाजूने लाव. बादलीवर ठेवलास तरी चालेल. मला फक्त पहिले दोन सेकंद पाठव. आणि ड्रिल मशीन शेजारच्या काकांचं आहे, कॉलेजला जाताना त्यांच्या दारात ठेव.

तुझा,
बाबा