सिमेंट कुठलं ते सगळे विचारतात, पाण्याचं कुणीच विचारत नाही

मा. संपादक,
स. न.

बार्शीत माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. फेब्रुवारी लागला की गिऱ्हाईक वाढतं, कारण आपल्याकडं घराचं काम म्हणजे सुगी उरकल्यावर, शेत मोकळं असतं, पुण्या-मुंबईची पोरं सुट्टीला येतात आणि पावसाच्या आत स्लॅब झालाच पाहिजे असं सगळ्यांच्या डोक्यात असतं. काउंटरवर दिवसभर तेच प्रश्न, कंपनी कुठली घेऊ, साधं ५३ ग्रेड घेऊ का राख मिसळलेलं पीपीसी, सळई १० एमएम घेऊ का १२, क्रश सँड चालेल का नदीचीच वाळू पाहिजे. विचारावेतच, घर आयुष्यात एकदाच होतं. पण पाणी किती घालायचं आणि किती दिवस मारायचं हे विचारणारा माणूस क्वचितच येतो, आणि पुढं पहिल्याच पावसात छत गळायला लागलं की तोच माणूस येऊन म्हणतो सिमेंट खराब होतं.

आता हे ५३ काय असतं ते सांगतो. हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे, आणि लॅबमध्ये ज्या ठोकळ्यावर तो तपासतात तो ठोकळा पहिला एक दिवस ओलसर हवेत आणि त्यानंतर दाबून फोडेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवलेला असतो. म्हणजे पोत्यावर जी ताकद छापलीय ती पाण्यात मुरलेल्या सिमेंटची आहे. तेच सिमेंट आपण मे महिन्यात ४०-४२ डिग्रीत उघड्या छतावर टाकतो, दोन दिवस पाईपनं पाणी शिंपडतो आणि तिसऱ्या दिवशी टँकर आला नाही म्हणून बंद. मग ती ताकद येणार कुठून? पीपीसीला तर पाणी आणखी जास्त दिवस लागतं, कारण त्यात थर्मल वीज केंद्राची राख असते आणि तिचं काम सावकाश चालतं. सिमेंट-काँक्रीटचा जो आपला भारतीय कोड आहे, आयएस ४५६, त्यात साफ लिहिलंय की साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, पीपीसीसारख्या सिमेंटला कमीत कमी १०, हवा कोरडी आणि गरम असेल तर कुठल्याही सिमेंटला १० च्या खाली नाहीच, आणि पीपीसीला १४ पर्यंत न्यावं. सोलापूर, धाराशिव, लातूरच्या उन्हाळ्यात आपण १४ च धरायला पाहिजे.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. नंतर जे पाणी द्यायचं ते देत नाहीत, आणि मिक्सरमध्ये जिथं मोजून घालायचं तिथं पाईप सोडून देतात. स्लॅब चालू असताना कधी सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबला आधार देणाऱ्या प्लेटा-टेकूंच्या खाली जाऊन उभं राहून बघा, प्लेटांच्या फटीतून राखाडी पाणी टपटप गळत असतं, खालची फरशी सगळी राखाडी होते. ते पाणी नाही, सिमेंट वाहून चाललंय, आणि वर खडी-खडी राहते. गवंड्याला विचारलं तर म्हणतो पाण्याशिवाय माल सरकत नाही. त्याचंही खरं आहे, घमेल्यानं माल वर चढवायचा, संध्याकाळच्या आत स्लॅब संपवायचा, पातळ माल भराभर पसरतो. पण जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात, त्यातूनच पावसाचं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजली की फुगते आणि खालचे पोपडे पडायला लागतात.

स्लॅबला आपण साधारण सिमेंट, वाळू, खडी १ : दीड : ३ असा माल धरतो, म्हणजे एम २० ग्रेडचं काँक्रीट. त्याला ५० किलोच्या एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. बादली १५ लिटरची असेल तर पोत्याला दोन बादल्या, बस. वाळू ओली आली असेल तर त्याहून कमी, कारण वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. माल घट्ट वाटला तर पाणी न वाढवता तो सरकता करणारं बाटलीतलं प्लास्टिसायझर मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घालायचं, आणि माल हलवून नीट बसवणारा व्हायब्रेटर लावायचा. व्हायब्रेटरचं एका दिवसाचं भाडं ते काय, पण ते वाचवायला लोक सळईनं कोचत बसतात. मालकानं दुसरं काही कळत नसलं तरी चालेल, मिक्सरपाशी बादल्या मोजायला घरचा एक माणूस उभा करावा.

आता टँकरचा मुद्दा. लोक म्हणतात पाणी प्यायला नाही आणि तुम्ही स्लॅबवर ओतायला सांगता. मला ते कळतं, आमच्याकडंही उन्हाळ्यात नळाला रोज पाणी नसतं. पण हिशेब करून बघा. ५०० स्क्वेअर फुटाच्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायचं तर साधारण २,३०० ते २,४०० लिटर लागतं, म्हणजे ५,००० च्या टँकरचा निम्मा, आणि पुढं रोज उन्हानं जेवढं उडेल तेवढीच भर घालायची. पाईपनं दिवसातून दोनदा शिंपडलं तर त्यातलं निम्मं कडेनं वाहून जातं आणि उरलेलं तासाभरात वाळतं, परत दुपारभर स्लॅब कोरडा ठणठणीत. ओला-कोरडा ओला-कोरडा झाला की वर जाळीसारख्या बारीक भेगा येतात. म्हणून मातीची किंवा पातळ मालाची आळी करून पाणी उभंच करायचं. स्लॅब शक्यतो पहाटे सुरू करायचा, माल आवळला की लगेच प्लास्टिकचा कागद नाहीतर ओलं बारदान टाकायचं, कारण पहिल्या काही तासांत ऊन-वारा लागून ज्या भेगा पडतात त्या नंतर किती पाणी मारलं तरी मिटत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आळी भरायची. कॉलमला बारदान गुंडाळून ते ओलं ठेवायचं, कॉलमकडं तर कुणी बघतच नाही.

ह्यात माझा जीव कुठं तुटतो सांगू का. कॉन्ट्रॅक्ट स्क्वेअर फुटावर ठरतं आणि त्यात लिहिलेलं असतं, पाणी मालकानं मारायचं. मालक पुण्यात नोकरीला, दोन दिवसांची रजा काढून स्लॅब उरकून परत जातो, आणि पाणी मारायला कोण राहतं तर सत्तरीतली आई. ती माउली गुडघे दुखत असताना बांबूच्या शिडीवरून बादली घेऊन वर चढते, आमच्याच गल्लीत मी हे बघितलंय. सरकारी घरकुलवाल्यांचं तर अजून अवघड, अनुदान मिळतं तेही टप्प्याटप्प्यानं, त्यात टँकर कुठून आणायचा? भावांनो, ठरवतानाच पाणी मारायला एका माणसाचे १४ दिवसांचे पैसे वेगळे धरा आणि ते कागदावर घ्या.

सेंट्रिंगचंही तसंच. प्लेटा भाड्याच्या असतात, ठेकेदाराला पुढच्या कामावर न्यायच्या असतात म्हणून घाई. कोडप्रमाणं साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, बीमच्या खालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि त्यापुढं २१. हे साध्या सिमेंटचं झालं, पीपीसी असेल तर त्याहून जास्तच ठेवायचे.

तुमच्या पुरवणीत फ्लॅटच्या इंटिरिअरवर, मॉड्युलर किचनवर भरपूर येतं, ते येऊ द्या, पण तालुक्याला स्वतःचं घर स्वतः उभं राहून बांधणाऱ्यांसाठी जानेवारीपासून एक छोटं सदर चालू करा, एखादा सिव्हिल इंजिनिअर किंवा पॉलिटेक्निकचे सर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतील असं. नगरपालिका आणि ग्रामपंचायतीनंही बांधकाम परवानगीच्या कागदासोबत ह्याच गोष्टींचं एक पान मराठीत द्यावं, छपाईला असा किती खर्च येतो.

आणि त्या सदरात पहिल्याच आठवड्यात बोअरच्या पाण्याचं घ्या. आमच्या भागात बरीच बोअर खारट आहेत आणि लोक तेच पाणी मालात घालतात, खरं म्हणजे मालात आणि क्युरिंगला, म्हणजे नंतर वरून मारायला, पिण्यालायक पाणीच पाहिजे, क्षारानं सळई लवकर गंजते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं, तर सोलापूर, धाराशिव, लातूरचे पत्ते, फी किती आणि नमुना कसा न्यायचा एवढं छापा, मी कात्रण दुकानात लावतो.

आपला,
एक दुकानदार वाचक
बार्शी, जि. सोलापूर