मॉर्फिन लिहून देणारे डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यात हवेत

महोदय,

कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हा स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात (अंमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात) दुरुस्ती झाली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या रुग्णालयाला मॉर्फिनसाठी निरनिराळे परवाने काढण्याची गरज संपली. अट आहे ती वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरची. गाडी अडते ती इथेच.

प्रशिक्षण का हवे? ‘दुखलं तर घ्या’ असे सांगून गोळी दिली की उपचार फसतो. मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ते घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायचे. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने, वृद्धांना त्याहून कमी. मधेच कळ आली तर दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग जादा. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर दोन मात्रांतले अंतर वाढवायचे, नाहीतर औषधाचे अंश शरीरात साठून गुंगी येते. आणि रेचक पहिल्या दिवसापासूनच! ते राहिले की मॉर्फिनमुळे पोट साफ होत नाही, मग घरचे लोक मॉर्फिनच बंद करतात आणि रुग्ण पुन्हा तळमळत राहतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनचा, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करण्याच्या उपचारांचा, एमडी अभ्यासक्रम २०१२ पासून आहे. पण मोजक्या तज्ज्ञांवर सगळ्या राज्याची भिस्त कशी ठेवणार? प्रत्येक जिल्हा रुग्णालयातील किमान दोन डॉक्टरांना शासनाने हे प्रशिक्षण द्यावे. एकच असला की त्याच्या बदलीबरोबर मॉर्फिनचे कपाटही बंद होते.

– पॅलिएटिव्ह केअरमधील काही डॉक्टर, पुणे