बर्लिन आवडलं नाही म्हणालास, त्याबद्दल

कोथरूड, पुणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, मला हे शहर काही आवडलेलं नाही." बाबा लगेच "होईल सवय, सगळ्यांचं असंच होतं" म्हणून मोकळे झाले. मी काही बोलले नाही. फोनवर बोलत बसले असते तर ती नुसती समजूत काढणं झालं असतं, आणि तुझी समजूत काढावी असं मला वाटत नाही. तुला जे दिसलं ते दिसलं. दुपारी चारला अंधार, खोलीत भर दिवसा दिवा, आणि गाडीत शेजारचा माणूस मान वर करून बघत नाही. हे सगळं खरं आहे. ते खोडून काढायला मी हे पत्र लिहीत नाहीये.

मला परदेश बघायला मिळाला तो जर्मनमुळे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, पुढे चिंचवड-भोसरीच्या कारखान्यांसाठी दुभाषाचं काम करू लागले, आणि यंत्रं बघायला निघालेल्या इंजिनिअर मंडळींबरोबर माझंही तिकीट निघू लागलं. त्या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालंय. नव्या शहरात पहिल्या काही आठवड्यांत जे खुपतं, ते लिहून ठेवावं आणि ते तसं का आहे याच्या मागे लागावं. आवडून घ्यायची घाई करू नये. सहा महिन्यांनी ते खुपायचं थांबतं आणि मग दिसायचंही थांबतं. आत्ता तुझी नजर ताजी आहे, म्हणून हे आत्ताच सांगते.

तुझ्या खोलीचंच बघ. रस्त्यावरच्या इमारतीच्या बोळातून आत जायचं, मग अंगण, मग मागची इमारत, आणि तुझी खिडकी त्या अंगणात उघडते, असं तू सांगितलंस. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये कारखाने वाढले, खेड्यापाड्यांतून माणसं लोटली आणि जागामालकांनी एकामागे एक अशा इमारती उठवल्या. पुढच्या बाजूला पैसेवाले, मागच्या अंगणांत कामगार, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. तुझ्या वेडिंग भागातच आकरश्ट्रास या रस्त्यावर मायर्स होफ नावाची इमारत होती, एकामागे एक सहा अंगणांची. १८५३ च्या बांधकाम नियमांत अंगणाचं किमान माप ठरवून दिलं होतं, ५.३४ मीटर बाय ५.३४ मीटर. का, तर आगीचा बंब तेवढ्या जागेत वळवता यायचा. खालच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला किती ऊन लागतं, हा हिशेब त्यात कुठेच नव्हता. पुढे १८८७ मध्ये नियम बदलून मोठं अंगण सोडायला लावलं.

सदाशिव पेठेतला माझ्या माहेरचा वाडा तुला थोडाफार आठवत असेल. तिथेही बोळ होता, चौक होता, मागे दुसरा चौक होता. पण आमच्या चौकात तुळस होती, विहीर होती, उन्हात कुरडया घातलेल्या असत आणि आजी त्यांच्यावर काठी घेऊन बसे. चौक होता तो घरच्या बायकामुलांना आभाळ मिळावं म्हणून. तू आपलं अंगण पावलांनी मोज. किती भरतं ते मला कळव. इमारत कधीची असेल याचा अंदाज त्यावरून बांधता येईल.

अंधाराचं कारण तर तुला माहीतच आहे. पुणं साडेअठरा अंशांवर आणि बर्लिन साडेबावन्न अंशांवर, लंडनच्याही उत्तरेला. डिसेंबरात दिवस आठ तासांचासुद्धा नसतो. जूनमध्ये मात्र रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहील. तोपर्यंत सकाळचं ऊन दिसलं की काहीही करत असलास तरी बाहेर पडत जा, हे माझं ऐक.

माझं पहिलं शहर श्टुटगार्ट. १९९० नंतरची ती वर्षं. तिकडे शनिवारी दुपारी दोनला दुकानं बंद व्हायची ती सोमवारी सकाळी उघडायची. पहिल्या रविवारी खोलीच्या खिडकीत उभी राहिले, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. लक्ष्मी रस्त्याच्या कडेला वाढलेल्या मुलीला रस्ता असा गप्प झालेला बघवत नाही. मला भीतीच वाटली होती. शहराच्या मधोमध, स्टेशनच्या मागच्या चढावर द्राक्षाचे मळे होते. एवढ्या मोठ्या कारखान्यांच्या गावात द्राक्षाचे मळे, याचंही मला काही समजेना.

मी राहत होते तिथे दाराच्या मुठीवर एके दिवशी लाकडी पाटी लटकलेली दिसली. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा फुटपाथ झाडायचा, आणि काम उरकलं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. तिकडची ही फार जुनी चाल. घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्या गुडघे टेकून पायरीच्या कोपऱ्यातली धूळ ब्रशने ओढून काढायच्या, मग लोखंडी कठडा ओल्या फडक्याने पुसायच्या, खालपर्यंत, एकही दांडा न सोडता. मला ती शिस्त जाचक वाटली आणि आजही थोडी वाटते, कारण पाळी चुकवणाऱ्याशी शेजारी बोलणं टाकत. पण त्या घरात माझ्याशी पहिलं वाक्य जे कुणी बोललं ते याच पाटीवरून. वरच्या मजल्यावरची बाई पाटी घेऊन आली, दारात उभी राहिली आणि पुण्याला हिवाळा असतो का, असं विचारून गेली. तिकडची माणसं बोलतात ती बरेचदा अशी, हातात काहीतरी काम असलं की. तुझ्या विद्यापीठात, इमारतीत असं एखादं काम शोध. कपडे धुण्याच्या खोलीतसुद्धा ओळखी होतात.

व्हिएन्नाबद्दल थोडंच सांगते, कारण ते शहर सगळ्यांनाच पहिल्या दिवशी आवडतं आणि मलाही आवडलं. तिथल्या नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं. १८७३ पासून ते नुसत्या उतारावरून शहरात येतं. ते ऐकलं तेव्हा मला कात्रजचा तलाव आठवला. नानासाहेब पेशव्यांनी तिथलं पाणी असंच उतारानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं होतं, व्हिएन्नाच्याही शंभरेक वर्षं आधी. व्हिएन्नाने आपली पाण्याची वाट जपली. आपण आपली जपली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुझं बर्लिन. मी ते पहिल्यांदा १९९२ च्या हिवाळ्यात पाहिलं, पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणारी भिंत पडून तीन वर्षं झाली होती. पूर्व भागात पाऊल ठेवलं की आधी वास यायचा. घरोघरच्या शेगड्यांत तपकिरी कोळसा जळायचा आणि तो धूर गल्लीत बसून राहायचा. घशाशी आंबट चव यायची. तुम्ही आज जिथे सिनेमाला जाता तो पोट्सडामर प्लाट्झचा चौक तेव्हा माळरान होता, शहराच्या ऐन मध्यावर, गवत वाढलेलं आणि वारा मोकळा सुटलेला. मी तिथे उभी राहिले आणि मला काही म्हणजे काही सुंदर दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की एवढी मोठी जागा माणसांनी माणसांपासून तोडून ठेवली होती.

तू गेझुंडब्रुननहून आलेक्झांडरप्लाट्झला ज्या यू ८ मेट्रोने जातोस, तीच गाडी बघ. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली तेव्हा या मार्गाचा मधला तुकडा पूर्वेच्या खाली राहिला. गाड्या पश्चिमेच्या, पश्चिमेतून निघून पश्चिमेलाच जायच्या, पण मधल्या स्टेशनांवर थांबायच्या नाहीत. बेर्नाउअर श्ट्रासं, रोझेन्थालर प्लाट्झ, वाइनमायस्टरश्ट्रासं आणि आलेक्झांडरप्लाट्झसुद्धा. तू रोज यातूनच जातोस. अठ्ठावीस वर्षं गाडी तिथे नुसता वेग कमी करायची, मिणमिणत्या दिव्याखाली पहारेकरी उभे असायचे आणि डब्यातले लोक बाहेर बघत पुढे जायचे. लोक गाडीत गप्प बसतात ते यामुळेच, असं मी म्हणणार नाही. मोठ्या शहरांत माणसं तशीही गप्पच बसतात. पण एकदा बेर्नाउअर श्ट्राससला उतर. वर भिंतीचा तुकडा राखून ठेवलाय, पाहणी मनोऱ्यावर चढता येतं. पुढच्या वेळी त्या डब्यात बसलास की ती शांतता तुला वेगळी लागेल.

आणखी एक गोष्ट बघ. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. स्टेशनवर संध्याकाळी म्हातारी माणसं बॅटरी घेऊन कचऱ्याच्या डब्यात बाटल्या शोधताना दिसतात. एवढ्या श्रीमंत देशात हे बघून मला धक्का बसला होता. मग लक्षात आलं, बरेच लोक रिकामी बाटली डब्यात टाकतच नाहीत, डब्याच्या बुंध्याशी उभी करून ठेवतात, म्हणजे त्या माणसाला घाणीत हात घालावा लागत नाही. आपल्याकडे कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. ओला-सुका कचरा वेगळा द्या, हे त्यांचं सांगणं याच हातांसाठी आहे. तूही बाटली बाहेरच ठेव. गरिबी कुठल्या शहरात नाही असं नसतं, पण तिच्यापुढे शहर कसं वागतं ते असल्या छोट्या जागी कळतं.

शेवटी एक काम सांगते, ते नक्की कर. बर्लिनच्याच दालेम भागात जा. ईनेश्ट्रासं २२. आता ती इमारत फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे, यू ३ ने जाता येतं. इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मानवशास्त्राच्या संस्थेत पीएच.डी. करत होत्या, वयाने तुझ्याएवढ्याच. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून तू रोज क्लासला जायचास, त्या अण्णासाहेब कर्व्यांची सून. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या माणसाची कवटीच वेगळी, म्हणून त्याची बुद्धी वरची, असं सिद्ध व्हावं ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्यांच्या मापांत असलं काही निघालं नाही. तसंच त्यांनी लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती आपली पदवी आहे त्या माणसासमोर. तू थिसिसला बसशील तेव्हा ही गोष्ट तुझ्याजवळ असावी असं मला वाटतं.

पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचं पांघरूण घालायचं काम त्याच संस्थेने केलं. आउशविट्झच्या छळछावणीतून माणसांचे अवयव तिथे अभ्यासाला येत. इमारतीवर तसा फलक लावलेला आहे, तो वाच. आणि घरी परतताना फुटपाथकडे बघत चाल. दारांसमोर तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले दिसतील. इथे अमुक राहत होती, जन्म अमक्या साली, अमक्या साली नेलं, कुठे मारलं. वाचायला खाली वाकावं लागतं. गुंटर डेम्निग या शिल्पकाराने १९९२ मध्ये ते बसवायला सुरुवात केली आणि माणसं स्वतःच्या मर्जीने शेवटची ज्या घरात राहिली, शक्यतो त्याच घरासमोर ते बसवले जातात. स्वतःचं पाप अशा रीतीने दारात लिहून ठेवणारं शहर मी दुसरं पाहिलं नाही. मला बर्लिन सुंदर वाटलं नाही, पण या एका गोष्टीसाठी मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. तुला काय वाटतं ते तू ठरव. आदर वाटला नाही तर तेही लिही.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, सकाळी हनुमान टेकडीवर जातात. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट ओळखीच्यांबरोबर पुढच्या महिन्यात पाठवतेय, त्यात तुझ्या मापाचे लोकरी मोजेही आहेत. बुटांवर पैसे वाचवू नकोस, आत कापूस असलेले आणि पाणी न शिरणारेच घे. डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू कर. आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर पडलंय, तेव्हा तुझ्या दुपारी चारला, अंधार पडला की, फोन करत जा. आमचं जेवण तेव्हा नुकतंच आटोपलेलं असतं आणि मी मोकळीच असते.

अंगणाचं माप विसरू नकोस.

तुझी,
आई