पश्मिना मेंढीची नव्हे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लडाखवरच्या लेखात पश्मिना म्हणजे 'मेंढीची कातरलेली लोकर' असे छापले आहे. पश्मिना शेळीची, आणि ती कातरत नाहीत. उन्हाळा लागला की शेळीचे पाय बांधून तिला आडवी पाडतात आणि फणीने अंग विंचरून काढतात. राठ केसांखाली थंडीत येणारा तो मऊ थर. एका शेळीमागे जेमतेम पाव किलो, त्यात केरकचरा नि राठ केसही आले.

मी माणदेशातल्या धनगराच्या घरातला. फौजेच्या नोकरीत लडाखातल्या कोरझोककडे राहिलो, तेव्हा चांगपांचा, म्हणजे तिथल्या भटक्या पशुपालकांचा, कळप दिसला की पाय आपोआप तिकडे वळत. आमचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे तळ, दिवाळीनंतर कोकणात उतरतात. या लोकांना उतरायला जागाच नाही. हिवाळाही चौदा हजार फुटांवरच, फक्त जिथे बर्फ कमी साठतो तिथे तळ हलवायचा. शेळ्या वितात त्या हिवाळा सरता सरता, थंडी उणे वीस-तीसच्या घरात असताना. करडू ओले राहिले तर गेलेच, म्हणून ते पुसून थेट याकच्या केसांच्या तंबूत माणसांत आणायचे. २०१३ च्या हिमवर्षावात गवत गाडले गेले आणि हजारो जनावरे उपाशी मेली.

'शहराच्या मोहाने तरुण पळतात' हे लेखातले वाक्य तर फार सोपे झाले. खरनाक या चांगपांच्या भागातली कित्येक कुटुंबे लेहजवळ येऊन राहिली. पोरे निवासी शाळेत, म्हातारी माणसे दवाखान्याच्या आशेने खाली. मग भर थंडीत जनावरांमागे जायचे कोणी? याकांकडे एक, मेंढरांकडे एक, करडांकडे एक, इतके हात लागतातच. शिवाय १९६२ नंतर सीमेपलीकडची कुरणे तुटली. आता तिकडच्याच पांगच्या माळावर मोठा सौर प्रकल्प येऊ घातला आहे. लडाखचे कार्यकर्ते सोनम वांगचुक यांनी मार्च २०२४ मध्ये एकवीस दिवस उपोषण केले, त्यात या चराऊ रानांचाही प्रश्न होता. तुमच्या लेखात त्याची एक ओळ नाही. शालीची किंमत मात्र दोनदा आहे.

दुरुस्ती छापावी. आणि पुन्हा कोणाला तिकडे धाडणार असाल तर जूनमध्ये नको, फेब्रुवारीत धाडा.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, ता. माण, जि. सातारा