परदेशी तळावरचा ४ फेब्रुवारी

संपादक महोदय,

१६७० च्या कोंडाणा विजयाचा दिवस, ४ फेब्रुवारी, मराठा लाइट इन्फंट्री जिथे असेल तिथे पाळते. मग तो तळ शांतिसेनेचा, आफ्रिकेतला का असेना. तिकडे त्या दिवशीच्या मटण-रश्श्याच्या जेवणासाठी कोल्हापुरातून मसाला पाठवणाऱ्यांनी त्यातला कांदा-लसूण पार कोरडा होईपर्यंत परतावा. ओल राहिली की बुरशी धरते. खोबरं वेगळं बांधा, उष्णतेनं ते खवट होतं आणि सगळा मसाला बिघडवतं. पाकिटं अर्धा-अर्धा किलोची, हवाबंद. गोठवलेलं मटण आदल्या दिवशीच फ्रीजमध्ये सुटायला ठेवावं, उन्हात नव्हे. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळलं की फुटतं. तांबडा मात्र कसाही जमतो! जेवणावेळी राष्ट्रपतींच्या नावाचा टोस्ट, म्हणजे मानाने पेला उंचावणं, पाण्यानेही चालतो.

– एक वाचक, कोल्हापूर