ग्रँड कॅन्यन म्हणजे उलटा गड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर आलेला लेख वाचला. छायाचित्रे देखणी होती, वर्णनही रसाळ होते; परंतु सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला तिथली वाट म्हणजे हातचा मळ असून सकाळी कड्यावरून निघून, कॉलोराडो नदीत पाय बुडवून, संध्याकाळी वर परत येता येते, अशा आशयाचे जे एक वाक्य त्यात होते, त्यासाठी हे पत्र लिहावे लागत आहे. त्या वाटेवर मी स्वतः चाललो आहे आणि माझ्या फाजील आत्मविश्वासातून थोडक्यात निभावलो आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या लेकी-मुली, मुले-सुना तिकडे नोकरीनिमित्त राहतात आणि आपण मंडळी त्यांच्याकडे जातो ती बहुधा मे-जूनमध्ये, नातवंडांच्या सुट्ट्या धरून. आपल्या सोयीचा हा हंगाम आणि त्या दरीतला जीवघेणा उन्हाळा एकाच वेळी येतात, हे त्या लेखात कोठेही नव्हते.

गड चढताना माणूस ताजातवाना असतो. चढ झेपला नाही तर तो वाटेत थांबतो आणि मागे फिरला की पुढे केवळ उतार असतो. पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेला लागणाऱ्या आमच्यासारख्यांच्या अंगात हाच हिशेब मुरलेला आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये तो नेमका उलटा होतो. तिथे माथ्यावर वाहनतळ, उपाहारगृह आणि थंड वारा असतो, म्हणून उतरताना सगळे सोपे वाटते. गुडघे कुरकुरतात तेवढेच. पाय थकले, पाणी संपत आले आणि ऊन डोक्यावर आले की मग कोठे खरी चढण सुरू होते. उतरणे ऐच्छिक आहे, वर येणे सक्तीचे आहे, असे तिथले रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, सांगतात, ते याच अर्थाने. उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा, हा तिथला साधा ठोकताळा आहे.

आता थोडे आकडे देतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस असल्याने आकड्यांवाचून मला राहवत नाही. पन्हाळा भोवतालच्या मैदानापासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. ब्राइट एंजल नावाची जी वाट दक्षिणेच्या कड्यावरून नदीकडे उतरते, ती सुमारे १,३३५ मीटर खाली जाते, म्हणजे पन्हाळ्याच्या तिपटीहून अधिक, आणि नदीकाठच्या तळापर्यंतचे तिचे अंतर एका बाजूने १५ किलोमीटरच्या वर भरते. दुसरी साउथ कैबाब नावाची वाट अंतराने कमी, सुमारे ११ किलोमीटर आहे. पण ती डोंगराच्या धारेवरून जाते, त्यामुळे तिच्यावर सावली नावालाच आहे आणि पाणी तर कोठेच नाही. लेखकाने 'जवळची वाट' म्हणून हीच सुचवली होती. जुलैमध्ये कड्यावर दिवसाचे कमाल तापमान सरासरी २९ अंशांच्या आसपास असते, तेव्हा तळाशी ते ४१ अंशांवर गेलेले असते. नदीलगतचा काळा खडक दिवसभर तापतो आणि भट्टीच्या भिंतीसारखी धग टाकत राहतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत दरीच्या आतल्या भागात चालू नये आणि नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येण्याचा प्रयत्न करू नये, अशी सूचना राष्ट्रीय उद्यानाकडून दिली जाते. (त्या काळ्या खडकाला भूशास्त्रात 'विष्णू शिस्ट' म्हणतात. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने तिथल्या सुळक्यांना पूर्वेकडील देवतांची नावे देण्याचा प्रघात पाडला, त्यामुळे विष्णू, ब्रह्मा आणि शिव अशी तिन्ही 'मंदिरे' त्या दरीत उभी आहेत. इतक्या दूर आपली दैवते भेटल्यावर मला जो धीर आला, तो मात्र पुढे फारसा कामी आला नाही.)

पाण्याविषयी अधिक लिहितो, कारण सह्याद्रीच्या सवयीमुळे आपली चूक तिथेच होते. आपल्या गडांवर टाकी असतात, वाटेवर वाडी-वस्ती लागते आणि एखादी मावशी ताकाचा तांब्या पुढे करते. ब्राइट एंजल वाटेवर माणसाची तहान भागते ती नळावर आणि हा नळ जिथून येतो ती कथा ऐकण्यासारखी आहे. दरीच्या उत्तर बाजूला रोअरिंग स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत. त्यांचे पाणी सुमारे २० किलोमीटर लांबीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळातून दरी ओलांडून दक्षिणेकडे आणले जाते. १९६० च्या दशकात घातलेला हा नळ २०१० पासून ८५ हून अधिक वेळा फुटला आहे. शहराच्या पाण्यासाठीच्या थेट पाइपलाइनची चर्चा ऐकत निम्मे आयुष्य काढलेल्या कोल्हापूरकराला यात नवल वाटणार नाही, पण वाटसरूच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की नकाशावर दाखवलेला नळ त्या दिवशी कोरडा असू शकतो. दीड मैल आणि तीन मैल अंतरावरच्या विश्रांतिस्थळांचे नळ तर हिवाळ्यात बंदच ठेवतात. त्यामुळे निघण्यापूर्वी माहिती केंद्रात कोणते नळ चालू आहेत ते विचारावे आणि ओढ्याचे पाणी शुद्ध करण्याचे साधन जवळ बाळगावे.

आता माझी गोष्ट. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी मुलगी सकाळी साडेसहाला ब्राइट एंजल वाटेने निघालो. आम्हाला नदीपर्यंत जायचेच नव्हते, फक्त ७.२ किलोमीटरवरील हवासुपाई गार्डन्सपर्यंत जाऊन परत यायचे होते. हवासुपाई हे तिथले मूळ आदिवासी लोक त्या जागी झऱ्याच्या पाण्यावर शेती करीत, पुढे त्यांना तेथून हुसकावण्यात आले, आणि अखेर २०२२ मध्ये त्या जागेला त्यांचे नाव देण्यात आले. सव्वादोन तासांत आम्ही खाली पोहोचलो. कॉटनवुडच्या झाडांची गार सावली मिळाली आणि मी तिथेच रेंगाळलो. मुलगी 'बाबा, निघूया' म्हणत असताना मी अकरा वाजवले. रोज पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारणारा माणूस मी, मला कोण अडवणार, असा एकूण थाट होता.

चढणीवर अर्ध्या तासात डोके जड झाले. उन्हाने होत असेल म्हणून मी पाणी प्यायलो, पुन्हा प्यायलो, आणि तीन मैलांच्या विश्रांतिस्थळाच्या अलीकडे मळमळून खाली बसलो. बोटे इतकी सुजली होती की अंगठी फिरेना. उद्यानाच्या मदत पथकातील एक स्वयंसेविका वरून येत होती. तिने पहिला प्रश्न पाण्याचा विचारला, तेव्हा चार लिटर प्यायल्याचे मी अभिमानाने सांगितले. तिचा दुसरा प्रश्न होता, सकाळपासून खाल्ले काय? मी काहीच खाल्ले नव्हते. घामावाटे मीठ निघून जात असताना नुसते पाणी पीत राहिले, तर रक्तातील सोडियम घटते आणि त्याची सुरुवातीची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, हे तिने मला सावलीत बसवून समजावून सांगितले, आणि आता काही वेळ पाणी पुरे, खारट काहीतरी खा, असे बजावले. मुलीच्या पिशवीत इथून नेलेले भडंग होते. त्या बाईंनी चार दाणे स्वतः चाखून पाहिले आणि मान डोलावली. पाऊण तासाने मी उठलो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. जे अंतर सव्वादोन तासांत उतरलो ते चढायला साडेपाच तास लागले होते, आणि ती वाट अर्धीच होती.

त्या स्वयंसेविकेसारखी माणसे तिथे सहज म्हणून फिरत नसतात. १९९६ च्या उन्हाळ्यात उष्णतेने बळी गेल्यानंतर १९९७ पासून उद्यानाने ही प्रतिबंधक व्यवस्था उभी केली आहे. पथकातील लोक वाटेवर थांबून उतरणाऱ्यांची विचारपूस करतात आणि गरज पडली तर परत फिरण्याचा सल्ला देतात. वय हा यातला खरा धोका आहे असे कोणी समजू नये. २००४ च्या एप्रिलमध्ये बॉस्टन मॅरेथॉन धावलेली २४ वर्षांची तरुणी त्याच वर्षी जुलैमध्ये या दरीत पुरेशा पाण्याअभावी मरण पावली.

हे सारे राबत्या वाटांविषयी झाले. दरीच्या कुशीतून नदीला समांतर जाणारी शंभराहून अधिक किलोमीटरची टोन्टो वाट, किंवा टॅनर, नानकोवीप यांसारख्या वाटा, ही निराळीच गोष्ट आहे. तिथे नळ नाही, रेंजर क्वचित भेटतो, पाऊलवाट ठिकठिकाणी दगडांच्या लहान रचीवरून ओळखावी लागते, आणि ऐन उन्हाळ्यात ओढे आटतात. रात्री मुक्काम करायचा तर परवाना आधी काढावा लागतो. आपल्याकडच्या अनुभवी गिर्यारोहकांनीही तिथे पहिल्या खेपेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लेखात पावसाचा उल्लेखच नव्हता, हेही खटकले. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या वाळवंटात पाऊस पडतो आणि तिथले लोक त्याला मान्सूनच म्हणतात. आपल्या मान्सूनशी त्याचे साम्य नावापुरते आहे. डोक्यावर निळे आभाळ असताना काही मैलांवर पडलेला पाऊस अरुंद घळीतून भिंतीसारखा येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये असाच लोंढा येऊन ११ जणांचा मृत्यू झाला. आपल्या पुरवणीतील मोठे छायाचित्र याच घळीचे होते.

किरकोळ दोन गोष्टी. खेचरांचा तांडा आला तर वाटसरूने डोंगराच्या बाजूला सरून उभे राहायचे असते, दरीच्या बाजूला नव्हे. आणि वाट सोडून आडवे चालू नये, कारण मातीवर जी काळपट, खरबरीत साय दिसते ती सूक्ष्म जीवांची असून एका पावलाने मोडलेली साय पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात.

माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या अंकात त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि यापुढे अशा कोणत्याही वाटेचे वर्णन देताना चौकटीत अंतर, उतार-चढाव, पाण्याच्या जागा, चढायला लागणारा वेळ आणि टाळायचा महिना एवढे अवश्य द्यावे. छायाचित्र थोडे लहान करावे लागले तरी चालेल. मुलांकडे जाणाऱ्यांची तिकिटे फेब्रुवारी-मार्चमध्येच काढून होतात, म्हणून ही दुरुस्ती त्याआधी आली तर बरे.

आपला,
एक नियमित वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर