पूर्ण एक मिनिट मोजल्याबद्दल

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

माझ्या पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन मी त्या रात्री आपल्या वॉर्डात आले, तेव्हा माझा सगळा जीव तापाच्या आकड्यात अडकला होता. तिचे ओठ गुलाबी होते, त्यामुळे श्वासाची शंकाही मला आली नव्हती. आपण मात्र तिला माझ्या मांडीवर शांत होऊ दिलेत, झबले वर सरकवलेत आणि सेकंदकाट्यावर नजर ठेवून तिचे पोट किती वेळा उडते ते मोजू लागलात. मध्येच ती रडली, तेव्हा तो आकडा सोडून देऊन आपण पुन्हा पहिल्यापासून पूर्ण ६० सेकंद मोजलेत. श्वास ७२ भरले.

दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वास, हे आपण मला तेव्हाच सांगितलेत. तान्ह्या बाळाच्या फासळ्या जवळजवळ आडव्या असल्यामुळे छाती फुगवून खोल श्वास घेणे त्याला फारसे साधत नाही आणि ऑक्सिजन कमी पडू लागला की श्वासाचा वेग वाढवणे एवढेच त्याच्या हाती उरते, हेही तेव्हाच कळले. निरोगी बाळही कधी भरभर श्वास घेते, कधी क्षणभर थांबते. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे आपल्याला मान्य नव्हते.

तापानेही श्वास वाढतो, म्हणून आपण नुसत्या आकड्यावर विसंबला नाहीत. फासळ्यांखाली पडणारा खड्डा आणि फुलणाऱ्या नाकपुड्या मला दाखवल्यात, पायाला ऑक्सिमीटर लावलात. त्यावर रक्तातला ऑक्सिजन ८७ टक्केच दिसला, आणि डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन सुरू केला.

दुसऱ्या दिवशी श्वास ४६ वर आले, तेव्हा मी हरखून गेले. आपण आधी खड्डा भरून आला आहे का आणि ती दूध नीट ओढते का, हे पाहिलेत. दमून गेलेल्या बाळाचा श्वासही मंदावतो आणि ती खूण अधिक घातक असते, हे त्या वेळी आपण किती शांतपणे समजावलेत! माझ्या मते आपले खरे कसब तिथे दिसले.

मुलगी आता आठ महिन्यांची आहे. काल रात्री ती झोपल्यावर मी झबले वर सरकवून पूर्ण मिनिटभर मोजले. ३४ भरले.

आपली ऋणी,
एक आई